टचलाइनवरचे पाच प्रश्न

सफूराने दहा शब्द वाचून दाखवले आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारले, तेव्हा वॉल्टरला त्यातले तीनच सांगता आले. टोपी, शिडी, मध. चौथा अगदी जिभेवर आहे असं वाटून तो थांबला, वर बघितलं, जबडा हलवला, पण जिभेवर नुसती मैदानाची धूळ होती. समोर स्टँडच्या सावलीत बसलेल्या तीस खेळाडूंपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. हसण्यासारखं त्यात होतंच म्हणा. दर वर्षी सप्टेंबर सरत आला, ऊन जरा माणसात आलं, की मस्कतजवळच्या अल अमेरातच्या मैदानावर क्लबचा रग्बीचा मोसम सुरू होतो, आणि पहिल्याच दिवशी क्लबची ही फिजिओ एकेकाचं डोकं तपासून कागदावर मांडून ठेवते. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, एका पायावर उभे राहा. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं की पुन्हा तेच सगळं विचारायचं आणि सप्टेंबरच्या कागदाशी ताडून बघायचं. कमी भरला तर गडी तीन आठवडे घरी. म्हणून मुरलेले खेळाडू एक युक्ती करतात. सप्टेंबरातच मुद्दाम चुकायचं. मुळातच मठ्ठ म्हणून नोंद झाली, की पुढे डोकं कितीही आपटो, कागदावर घसरण दिसत नाही. ही युक्ती या मैदानावरच्या प्रत्येकाला वॉल्टरनेच शिकवली होती. त्यामुळे त्याचा असिस्टंट धनेश ‘सर, पोरं लाजतायत, आधी तुम्ही करून दाखवा’ म्हणाला, वॉल्टर खुर्चीवर बसला आणि त्याने दहातले तीन सांगितले, तेव्हा कोच धडा देतोय असंच सगळ्यांनी धरलं. ‘मास्टरक्लास,’ रेहान म्हणाला. रेहान हा संघाचा स्क्रम-हाफ, म्हणजे घोळक्यातून बॉल काढून पुढे खेळवणारा, इथेच जन्मलेला, चोवीस वर्षांचा, विमानतळावर कार्गोत कामाला. वॉल्टरही हसला. उठून कमरेत वाकून त्याने सलामसुद्धा केला. सफूरा तेवढी हसली नाही. ‘कोच, मैं आपका भी लिख रही हूँ,’ ती म्हणाली, आणि तिने खरंच वरती त्याचं नाव घालून आकडा लिहिला.

मुद्दाम त्याने काहीच केलं नव्हतं. जीव तोडून आठवलं होतं. संध्याकाळी डोंगर उतरून सीबला घरी जाताना तो गाडीत ते सात शब्द शोधत राहिला. प्रत्येक वळणाला एक तरी सापडेल असं त्याने उगीचच स्वतःशी ठरवलं, आणि वळणं संपून सपाट हमरस्ता लागला तरी हाती काही आलं नाही. वाईट म्हणजे विसरलेली जागा कुठे दुखतही नव्हती. पंधरा वर्षं तो प्रॉप होता, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मान खाली घालून समोरच्यावर आदळणारा. शरीरातलं कुठलं हाड कधी बोंबलतं हे त्याला पाठ होतं. इथे नुसतं गार, गुळगुळीत काहीतरी होतं. मग घाबरून त्याने जुनं तपासायला घेतलं. भारताकडून पहिला सामना तो कोलंबोला खेळला, त्या संघातले पंधराच्या पंधरा गडी त्याने एक नंबरपासून मोजायला घेतले आणि ते धडाधड आले, आडनावासकट, कोण कुठल्या रेजिमेंटचा, कोण कलकत्त्याचा, कुणाच्या मोज्यांना वास यायचा यासकट. वसईला भुईगावच्या घरामागची विहीर, केळीच्या वाफ्यातला पायाला लागणारा गार चिखल, चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला चावलेले नवे बूट, सगळं जागच्या जागी. उलट जरा जास्तच लखलखीत. त्याच कोलंबोच्या सामन्यात दुसरा हाफ आपण कसा खेळलो, हे मात्र त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. टॅकल करताना कुणाचा तरी गुडघा कानशिलावर बसला होता, आणि पुढची चाळीस मिनिटं तू झकास खेळलास असं सगळ्यांनी त्याला नंतर सांगितलं. तो किस्सा तो पंचवीस वर्षं फुशारकीने सांगत आला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्या किश्श्याचा राग आला.

घरी त्याची बायको ब्रिजेट सुरमईचे तुकडे तळत होती. क्लिनिकमधल्या ड्यूटीवरून आल्यावर तिने अजून कपडेही बदलले नव्हते. ‘आज टेस्टिंग होतं ना तुमचं? झाली का पोरं पास?’ तिने पाठमोरीच विचारलं. ‘झाली,’ वॉल्टर म्हणाला. मग तिने सांगितलं की क्लबच्या ऑफिसमधून फोन होता, डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपतंय, तेव्हा तिघांचे पासपोर्ट जवळ ठेवा, अर्बाबची सही झाली की व्हिसाचं सगळं एकदम करून टाकू. अर्बाब म्हणजे क्लबचा मालक, ज्याच्या मर्जीवर मैदानातल्या गवताला पाणी मिळायचं आणि या घराला वीज. ‘जॅस्मिनची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत,’ ब्रिजेट म्हणाली. ‘तेवढं सुरळीत होऊ दे बाबा. मग काय व्हायचं ते होवो.’ जॅस्मिन कानातले इअरफोन काढून बाहेर आली आणि अडखळत म्हणाली, ‘डॅड, सॅटरडेला ट्यूशनला तू मला सोडशील, नाही? लास्ट टाइम तू विसरला. आय वेटेड वन अवर.’ वॉल्टरने मान हलवली. शेवटच्या वेळी आपण विसरलो, हे त्याला आत्ता कळत होतं. तेव्हा त्याने काय सबब सांगितली असेल याचा त्याने अंदाज घेऊन बघितला, पण नीटसा लागला नाही, आणि तो जेवायला बसला. सांगावं का ब्रिजेटला, असं दोन घास होईपर्यंत त्याच्या मनात होतं. तिसऱ्या घासाला त्याने ते गिळून टाकलं. सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता, डॉक्टरने कागद दिला असता, आणि असा कागद घेऊन कुणाला कोचिंगचं कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

कारण हे सगळं त्याने आधी पाहिलं होतं. फक्त बाहेरून, रेमीमध्ये. रेमी हा त्याच्या आधीचा कोच. फ्रान्सच्या दक्षिणेकडचा, डोंगराच्या पायथ्याच्या गावातला, खाटकाचा मुलगा. बाविसाव्या वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात गेला आणि अकरा सामने खेळला. तोही प्रॉपच. कान चुरगळून गोळा झालेले, मान अशी की शर्टाचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलं नसेल. खेळणं संपल्यावर गावच्या क्लबने त्याला कोच केलं, बारमध्ये त्याचा फोटो लावला, आणि दुसऱ्या वर्षी काढून टाकलं, फोटो राहिला. मग त्याहून लहान क्लब, मग त्याहून लहान, मग ट्युनिस, मग बायको म्हणाली मी काही आता पुढे येत नाही, आणि मग एका बॅगेनिशी मस्कत. फ्रान्सकडून खेळलेला माणूस इथे ऑफिसं सुटल्यावर येणाऱ्या हौशी पोरांना शिकवतो, म्हणजे तो कुठूनतरी गडगडत आलाय, हे वॉल्टरला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी त्याला रेमीचं अप्रूप होतं. बारा वर्षांपूर्वी वॉल्टर त्याचा असिस्टंट म्हणून लागला आणि जे शिकला ते त्याच्याकडूनच: स्क्रममध्ये श्वास कधी सोडायचा, मान कशी धरायची, हरलेल्या संघाशी पहिली दहा मिनिटं का बोलायचं नाही. सप्टेंबरच्या कागदाची युक्तीही रेमीचीच. ती सांगताना तो असा मिश्किल हसायचा, जणू स्वतःचं डोकं त्याने याच युक्तीने शाबूत ठेवलं होतं.

मग रेमी नावं विसरायला लागला. आधी खेळाडूंची, मग मैदानांची, मग एकदा मधल्या सुट्टीत आपण जिंकतोय की हरतोय हे. वॉल्टर बाजूला उभा राहून हळूच पुरवायचा. ‘तो देवेश, रेमी.’ ‘आपण सात गुणांनी मागे आहोत, रेमी.’ दोन वर्षं त्याने हे केलं, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. प्रेमाने केलं, यात काही खोट नव्हती. पण रोज कुणाला पुरवत राहिलं की एक दिवस माणसाला वाटायला लागतं, हा संघ चालवतो तर मी. खुर्ची त्याची, नाव त्याचं, घर क्लबचं, आणि डोकं माझं. मग एका गुरुवारी वॉल्टर अर्बाबच्या ऑफिसात गेला, कहवा प्यायला, दोन खजूर खाल्ले आणि म्हणाला की रेमीच्या भल्यासाठीच सांगतोय, पोरांच्या डोक्यांचा प्रश्न आहे, अशा माणसाने कुणाला खेळवायचं न खेळवायचं ठरवणं बरं नाही. ते खरंही होतं, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. तीन आठवड्यांत रेमी गेला. विमानतळावर त्याची बॅग वॉल्टरनेच उचलली. ‘कुणीतरी सांगितलं, वॉल्टेर,’ रेमी म्हणाला, ‘आपल्याच मैदानावरचं कुणीतरी. तू शोधून काढ. मला कळलं तरी डोक्यात राहायचं नाही, म्हणून तू लक्षात ठेव.’ वॉल्टरने हो म्हटलं. त्यानंतर चार वर्षांत त्याने एकदाच फोन केला. रेमीच्या बहिणीने फोन रेमीच्या कानाला लावला, आणि रेमी दहा मिनिटं मोठ्या जिव्हाळ्याने त्याच्याशी फ्रेंचमध्ये बोलला. वॉल्टरला फ्रेंच येत नाही हे तो विसरला होता. पुन्हा फोन करायचं धाडस वॉल्टरला झालं नाही.

आता ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर लागला आणि वॉल्टर हुशार झाला. हुशारी कसली, लपवाछपवी. पण तिला डोकं लागतं, आणि तेवढं अजून होतं. सगळ्यांना तो ‘चॅम्पियन’ म्हणायला लागला. कुणाचं नाव घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही. सामना संपला की स्वतः बोलायचं सोडून गोल करून विचारायचा, ‘सांगा, काय चुकलं आपलं?’ आणि पोरं बोलायची, सगळं सांगायची, कोणी ट्राय केला, म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवला, कुठे बॉल सुटला. त्यातून त्याला सामना परत मिळायचा. यावर पोरं खूश. कोच आता ऐकून घेतो, म्हणायची. प्रॅक्टिसला निघायच्या आधी तो बाथरूमचं दार लावून मागच्या आठवड्याचं पाठ करायचा, जॅस्मिन केमिस्ट्री पाठ करायची तसं. कधी टिकायचं, कधी मैदानावर पोचेपर्यंत सांडून जायचं. सकाळी दात घासताना आरशात तो स्वतःचं पूर्ण नाव म्हणून बघायला लागला, आणि नाव बरोबर आलं याचा त्याला आनंद व्हायचा. मग त्या आनंदाचीच शरम वाटायची. त्याला सगळ्यात जास्त राग यायचा तो धनेशचा. धनेश संगमेश्वरकडचा, पूर्वीचा कबड्डीपटू, मान मोडून काम करणारा, वहीत सगळं लिहून ठेवणारा. दिवाळीच्या सुमारास तो वॉल्टरच्या कानाशी लागायला लागला. ‘तो उंच आहे तो नवा, सर. बुधवारी आलेला.’ ‘सोमवारी तुम्ही लाइनआउटची प्रॅक्टिस घेणार होतात ना, सर?’ इतक्या हळुवारपणे की कुणाला ऐकू जाऊ नये. हा आवाज वॉल्टरच्या ओळखीचा होता. दोन वर्षं तो त्याच्याच तोंडात होता. आणि एका गुरुवारी त्याने पार्किंगमधून पाहिलं, धनेश अर्बाबच्या ऑफिसातून बाहेर पडत होता, रुमालाला बोटं पुसत. खजूर खाल्ला की बोटं चिकट होतात.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, दुबईहून आलेल्या संघाशी बाद फेरीचा सामना होता. ब्रिजेट सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेली तेव्हा म्हणाली, ‘तुमच्यासाठी मेणबत्ती लावते,’ आणि तिला काय माहीत आहे, काय नाही, याचा वॉल्टरला काही अंदाज आला नाही. चार वाजता खेळ सुरू झाला. अर्बाब तंबूत पाहुण्यांबरोबर बसला होता. डिसेंबर चार दिवसांवर आलेला, कॉन्ट्रॅक्टवर सही अजून नव्हती, आणि हा सामना जिंकला तर ती आजच होणार असं ऑफिसातल्या माणसाने सूचित केलं होतं. दुसऱ्या हाफला देवेशचा खांदा निखळला. त्याला घेऊन सफूरा ॲम्ब्युलन्समधून गेली. पोचवून परत येते म्हणाली. त्यानंतर पाच-सात मिनिटांत रेहान बॉल घेऊन वाकला आणि समोरच्या एका धिप्पाड गड्याचं कोपर त्याच्या कानाच्या वर बसलं. आवाज मैदानाच्या कडेला, टचलाइनपर्यंत आला. रेहान पडला आणि लगेच उठला, कपडे झटकले, हात वर करून ‘ठीक आहे’ म्हणाला. रेफरीने वॉल्टरकडे बघितलं. शंका आली की बाहेर, असं नियम सांगतो. पण सगळ्या मैदानांवर असतो तसा इथेही रिवाज वेगळा. फिजिओ नसेल तर कोचने पाच प्रश्न विचारायचे, आणि पाचही बरोबर आले तर खेळू द्यायचं. तीन गुणांनी संघ पुढे होता. रेहान गेला तर बॉल हलवणारं दुसरं कुणी नव्हतं. वॉल्टर त्याला टचलाइनवर घेऊन आला, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, आणि धनेश वही घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

‘कुठल्या मैदानावर आहेस?’ ‘अल अमेरात.’ ‘कुठला हाफ?’ ‘सेकंड.’ एवढं वॉल्टरला डोळ्यांसमोर दिसत होतं. ‘शेवटचा ट्राय कुणी केला?’ ‘देवेशने, कोच. खांदा जायच्या आधी.’ ‘मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो?’ ‘सोहारवाल्यांशी.’ ‘जिंकलो?’ ‘हरलो. पाच गुणांनी.’ रेहान भराभर बोलत होता, सुटायची घाई झालेल्या माणसासारखा. वॉल्टरने त्याचा चेहरा सोडला नाही. देवेशने ट्राय केला? एक ट्राय झाला होता खरा, कोपऱ्यात, कुणीतरी झेपावलं होतं, पांढऱ्या रेषेवर चुना उडाला होता. पण तो चुना आजचा की कोलंबोचा? अल अमेरातच्या मैदानावर रेषा चुन्याने मारतात की रंगाने? त्याने खाली बघितलं. रंग होता. मग चुना कुठला? बरं, ते सोड. सोहार. बसमधून जाताना खाबुऱ्याला चहाला थांबलो होतो, कागदी कपात करक, पोरं रस्त्याच्या कडेला उभी. खाबुऱ्याला थांबलो म्हणजे सोहारच्याच वाटेला असणार. इतकं जुळतंय. पण ते मागच्या आठवड्यातलं? त्या करकच्या वेळी ऊन किती होतं? पोरं गप्प होती की गात होती? गप्प होती असं त्याला वाटलं, म्हणजे हरलो असणार, आणि लगेच वाटलं, पोरं तर जाताना गप्प असतात, येताना गातात किंवा शिव्या देतात, हा चहा जातानाचा की येतानाचा. त्याचे तळवे रेहानच्या गालांवर घामाने सरकायला लागले. उत्तरं समोर होती, पाचच्या पाच, आणि ती बरोबर आहेत की चूक हे ठरवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. शेजारी वही होती. मान वळवून नुसतं ‘काय रे?’ म्हटलं असतं तरी धनेशने सांगितलं असतं. आणि मग त्या वहीत धनेशने आणखी एक गोष्ट लिहिली असती, किंवा लिहिलीही नसती, थेट ऑफिसात जाऊन सांगितली असती, मी रेमीच्या भल्यासाठी सांगितली होती तशी. हो म्हणावं? मग हा पोरगा आत जाणार, आणि याचं सप्टेंबरचं डोकं कागदावर मठ्ठ म्हणून लिहून ठेवलंय, माझ्या शिकवणीने, म्हणजे नंतर सफूरालाही काही कळायचं नाही. वॉल्टरला एकदम स्वतःचा तिटकारा आला. ‘चूक,’ तो म्हणाला. ‘बाहेर बस.’

रेहान आधी हसला. मग म्हणाला, ‘कोच, क्या ग़लत बोला मैं?’ वॉल्टरने पाठ फिरवली. बाकावरचे खेळाडू एकमेकांकडे बघायला लागले. धनेशने वही उघडली आणि मिटली. दहा मिनिटांत दुबईवाल्यांनी ट्राय केला. तेवढ्यात सफूरा परतली, तिने रेहानला बसवून रीतसर शब्द विचारले, त्याने दहातले सहा सांगितले आणि तिने सप्टेंबरचा कागद काढला. त्यावर चार होते. ‘कागदाप्रमाणे तर हा सुधारलाय,’ ती वैतागून म्हणाली, ‘घ्यायचं तर घ्या आत.’ ‘नाही,’ वॉल्टर म्हणाला. आता त्याला मागे फिरता येत नव्हतं. चूक म्हटलं ते म्हटलं, नाहीतर कुठलं उत्तर चूक हे सांगावं लागलं असतं. तंबूतून ऑफिसातला माणूस दोनदा विचारून गेला की अर्बाब म्हणतात, तो उभा तर आहे, मग बाहेर का. वॉल्टरने दोनदा नाही म्हटलं. संघ चार गुणांनी हरला. शेवटची शिट्टी झाली, दोन्ही संघ हात मिळवायला रांगेने उभे राहिले, आणि त्या रांगेत रेहान ओकला आणि गुडघ्यावर बसला. आधी सगळ्यांना वाटलं रागाने बसलाय. मग त्याचा एक डोळा दुसऱ्यासारखा दिसेना. हॉस्पिटलात फोटो काढला तेव्हा कवटीच्या आत रक्त साकळत होतं. लगेच ऑपरेशन झालं. डॉक्टरने त्याच्या आईला सांगितलं की अशा माणसाला आधी काही वेळ काहीच होत नाही, चालतो, बोलतो, सगळं बरोबर सांगतो. आणखी एक धक्का बसला असता तर पोरगा हाती लागला नसता. आईने कॉरिडॉरमध्ये वॉल्टरचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. वॉल्टरने ते हळूच सोडवून घेतले.

शनिवारी सकाळी अर्बाबने त्याला मजलिसमध्ये, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. क्लबची सगळी वडीलधारी मंडळी गाद्यांवर बसली होती. रेहान शुद्धीवर आला, आईला ओळखलं, ही बातमी त्याच्या आधी तिथे पोचली होती. ‘पाँचों जवाब सही थे,’ अर्बाब सगळ्यांना सांगत होता, ‘कागज़ सही था, फिजिओ बोली ठीक है, मैं खुद बोला ठीक है. इस आदमी ने बोला नहीं.’ मग वॉल्टरकडे वळून म्हणाला, ‘कैसे पता चला?’ सांगायचं तर हीच वेळ होती, आणि वॉल्टरला हेही दिसत होतं की आज सांगितलं तर हे लोक त्याला मानाने घरी पाठवतील, रेमीला पाठवलं तसं चोरून नाही. त्याच्या खिशात सफूराचा सकाळचा मेसेज होता, कोच, तुमचा कागद मला पुन्हा करायचाय, कधी येता, आणि त्यावर त्याने नुसतं ‘इन्शाल्ला’ लिहून पाठवलं होतं. फेब्रुवारी आठवला. जॅस्मिनची ट्यूशन आठवली, आणि आज शनिवार आहे हे त्याच वेळी. ‘तीस साल, अर्बाब,’ तो म्हणाला. ‘आँख देखकर समझ में आता है.’ मंडळींनी हम्दुलिल्ला म्हटलं. तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झाली. शिवाय अर्बाबने ठरवून टाकलं, की इथून पुढे क्लबच्या सगळ्या गटांत, अगदी आठ-दहा वर्षांच्या पोरापोरींतसुद्धा, डोकं आपटलं तर कागद नको, प्रश्न नकोत, वॉल्टर डोळे बघेल आणि वॉल्टर सांगेल. साठ-सत्तर लेकरं होती ती. वॉल्टरने मान झुकवली.

बाहेर पार्किंगमध्ये धनेश त्याची वाट बघत उभा होता. ‘झालं सर? सही झाली?’ ‘झाली.’ ‘बरं झालं. काल माझापण जीव टांगणीला लागला होता.’ तो जरा घुटमळला. ‘विशाखाचे कागदपण झाले. बायकोला आणतोय, सर. जानेवारीत येईल ती. परवा गुरुवारी त्यासाठीच अर्बाबकडे गेलो होतो, तुम्हाला सांगायचं राहिलं. त्यांनी तुमचं विचारलं, म्हटलं, सरांसारखा माणूस नाही.’ इतके दिवस याच्या तोंडात आपण आपलीच जीभ घालून ऐकत होतो, हे वॉल्टरला कळलं, आणि त्यातून सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी त्याला अधिकच एकटं वाटलं. चोर असता तर बरं झालं असतं. चोराला निदान आपलं सगळं ठाऊक असतं. ‘एक विचारू का सर?’ धनेश म्हणाला. ‘मी शेजारीच होतो. उत्तरं मी वहीत बघितली, सगळी बरोबर होती. मीपण त्याच्या डोळ्यांत बघत होतो, मला काय पण दिसलं नाही. रात्रभर डोक्यात तेच. उद्या तुम्ही नसलात, मी एकटा असलो लहान पोरांबरोबर, तर मी काय बघायचं? मला शिकवा ना.’ त्याने खिशातून पेन काढलं होतं, वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून नवं पान उघडलं होतं. ऊन पानावर पडलं होतं. वॉल्टरला म्हणता आलं असतं की काही बघू नकोस, शंका आली की बाहेर काढ. एवढं एक वाक्य रेमीने त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि ते त्याला या क्षणी स्पष्ट दिसत होतं. पण मग धनेशने विचारलं असतं, ‘तुम्हाला शंका कशाने आली, सर?’

‘बाहुली बघायची,’ वॉल्टर म्हणाला. ‘म्हणजे थेट बाहुली नाही. तिच्या कडेचा भाग. तिथे एक चमक असते, ती जाते.’ आपला आवाज इतका ठाम कसा येतोय याचं त्याला नवल वाटलं. ‘आणि पापणी. डावी जरा उशिरा मिटते.’ ‘डावीच?’ धनेशने विचारलं. ‘डावीच. चमक असली आणि पापणी वेळेवर मिटली, तर खुशाल आत पाठवायचं.’ ‘थांबा सर, जरा हळू सांगा,’ धनेश म्हणाला. त्याने आकडा घालून पहिलं वाक्य लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारली, आणि वॉल्टरने पुढचं हळू सांगायला सुरुवात केली.